स्पेनची शहरं आणि त्यांचं घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनला माझं तीनदा जाणं झालं. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, मग आई-बाबांना घेऊन आणि शेवटी एकटीने. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी गाठतं आणि साधारण तेच प्रश्न विचारतं. ते सगळे इथे लिहून काढले आहेत. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, महत्त्वाचा नाही.

बारा रात्री आहेत. किती शहरं होतील?

चार. फार तर पाच. लोक नऊ शहरांची यादी घेऊन येतात आणि मी ती वाचून गप्प बसते. नऊ शहरं म्हणजे नऊ वेळा बॅग भरायची आणि नऊ वेळा उघडायची. माझा हिशेब असा: माद्रिद चार रात्री, कोर्दोबा एक, सेव्हिया दोन, ग्रानादा दोन, बार्सिलोना तीन. माद्रिदला उतरायचं आणि बार्सिलोनाहून परतायचं, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. ग्रानादाहून बार्सिलोनाला रेल्वेगाडीने अर्ध्याहून जास्त दिवस जातो, तिथे विमान बरं.

कोर्दोबा सेव्हियाला जाता जाता उरकता येतं, असं सगळे सांगतात. नका उरकू. का ते पुढे येईल.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळेच्या सुट्टीमुळे मेचा शेवट गाठावा लागत असेल तरी चालेल, पण जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिया आणि कोर्दोबाला जाऊ नका. पारा चाळिशी सहज ओलांडतो. ‘आम्ही विदर्भातले, आम्हाला काय ऊन’ असं म्हणणारे नागपूरचे काका मला भेटले आहेत. काका, नागपूरला तुम्ही दुपारी दोन वाजता दगडी रस्त्यावर पाच किलोमीटर चालत नाही. शिवाय ऑगस्टमध्ये माद्रिदची कितीतरी घरगुती हॉटेलं मालक सुट्टीवर गेल्यामुळे बंदच असतात. ईस्टरच्या आठवड्यात सेव्हियाचे दर गगनाला भिडतात. मिरवणुका मात्र बघण्यासारख्या असतात.

रात्री साडेनऊला जेवण? लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं कसं व्हायचं?

हा प्रश्न खरं म्हणजे पहिला हवा होता. स्पेन नकाशापेक्षा घड्याळावर जास्त अवलंबून आहे. घड्याळ जमलं तर बाकी सगळं जमतं.

बराचसा स्पेन लंडनच्या सरळ खाली किंवा त्याच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ मात्र बर्लिनचं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे एक तास पुढे केले, ते मागे आलेच नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तासाची भर पडते. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो दुपारी सव्वादोनला आणि मावळतो पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे दोन वाजता पानावर बसणारा माद्रिदकर सूर्याच्या हिशेबाने बाराच्या ठोक्यालाच बसलेला असतो, आपल्या आजोबांसारखा. चुकलेलं आहे ते भिंतीवरचं घड्याळ.

एकदा हे डोक्यात बसलं की दिवस आपोआप लागतो. सकाळी कॉफी आणि टोस्ट. अकराला काहीतरी तोंडात टाकायचं. दोन ते चार मोठं जेवण. चार ते आठ स्वयंपाकघरं बंद, आणि रात्री नऊनंतर हलकं खाणं. संध्याकाळी सहाला पूर्ण जेवण देणारी जागा दिसली, दाराशी पदार्थांचे फोटो आणि आत बोलावणारा माणूस असला, तर पुढे चालू लागा. छोटी दुकानंही दुपारी दोन ते पाच बंद असतात. पुणेकरांना यावर जास्त सांगायला नको.

आई-बाबांसाठी आम्ही दुपारचं जेवण मुख्य केलं. आठवड्याच्या दिवशी बहुतेक ठिकाणी ‘मेनू देल दिआ’ असतो. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी आणि बहुधा एखादं पेय, सगळं मिळून साधारण १३ ते १८ युरोत. आपल्या राइस प्लेटचीच कल्पना, फक्त दीड तास बसून खायची. मग खोलीवर जाऊन दोन तास पडायचं आणि सहाला पुन्हा बाहेर. बाहेर अजून लख्ख ऊन असतं.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यासाठी दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. दोन-तीन देश करत असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, विमान कुठे उतरतं ते बघायचं नाही. इथेच पुष्कळ जण घोळ घालतात.

शहरांमधला प्रवास विमानाने की गाडीने?

माद्रिदपासून कुठेही जायचं तर गाडीने. स्पेनचा पहिला अतिवेगवान मार्ग, माद्रिद ते सेव्हिया, १९९२ मध्ये सुरू झाला आणि आता जाळं मोठं आहे. माद्रिद ते कोर्दोबा पावणेदोन तास, कोर्दोबा ते सेव्हिया पाऊण तास, माद्रिद ते बार्सिलोना सहाशेवर किलोमीटर अडीच-पावणेतीन तासांत. सरकारी कंपनीबरोबर खासगी कंपन्याही धावतात, त्यामुळे तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अतिवेगवान गाडीला सामान यंत्रातून तपासून घ्यावं लागतं, आणि फलाटाकडे सोडणारं दार गाडी सुटण्याआधीच बंद होतं. धावत येऊन डब्याचा दांडा पकडण्याची आपली विद्या तिथे कामाची नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ तिथे वेगळा लागू शकतो. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलं तर वाढणाऱ्याच्या मनात बीफ किंवा डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा येतो. हामोन म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस. ते त्याला मांस वाटतच नाही, ते तर नुसतं वरून भुरभुरायचं असतं, आपल्या कोथिंबिरीसारखं. बाबांनी पहिल्या दिवशी साधं सॅलड मागवलं, त्यावर टूना मासा होता. दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी मागवली, तिच्यात चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे तुकडे. तिसऱ्या दिवसापासून मी एक वाक्य पाठ केलं: ‘सोय बेखेतारियाना. सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून.’ पुरुषांनी शेवटी ‘ना’ऐवजी ‘नो’ म्हणायचं.

आता खायचं काय. टोस्टवर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. ऐकायला काहीच नाही, पण आम्ही रोज खाल्लं. पातातास ब्राव्हास, म्हणजे तिखटसर सॉस घातलेले तळलेले बटाटे. पिमिएन्तोस दे पाद्रोन, म्हणजे छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ. वडापावाबरोबरच्या मिरचीचा हा मवाळ चुलतभाऊ. दहातली एखादीच तिखट निघते आणि ती कुणाच्या वाट्याला येते यावर टेबलाभोवती हशा होतो. कोर्दोबात वांग्याचे काप तळून त्यावर उसाची काकवी घालतात. आईने त्याला काहीही नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते समजा. कोर्दोबाचंच सालमोरेहो हे टोमॅटो-पावाचं घट्ट गार सूप, पण त्यावर अंडं आणि हामोन असतं, ते आधीच नको म्हणावं. सेव्हियात पालक आणि काबुली चण्याची जिरं घातलेली भाजी मिळते. ती खाताना बाबा म्हणाले, ‘आता पोळी असती तर.’

अंडं चालत असेल तर तोर्तियाने निम्मा प्रश्न सुटतो. मेक्सिकोच्या पोळीशी तिचा संबंध नाही, हे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. त्यात कांदा घालावा की नाही यावर स्पेनमध्ये घरोघरी दोन पक्ष आहेत. मी कांद्याच्या पक्षात.

अंडंही नको असेल तर चुर्रो खा. पीठ, पाणी आणि मीठ, बस्स. मोठ्या सोऱ्यातून थेट तेलात पाडतात आणि चमचा उभा राहील अशा दाट गरम चॉकलेटमध्ये बुडवून खातात. काटेकोर असाल तर दोन सूचना. मान्चेगोसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राणिजन्य विरजण असतं. आणि ‘मांतेकिया’ म्हणजे लोणी, पण ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी. मांतेकादो, पोल्व्होरोन, एन्साइमादा या गोड पदार्थांत हीच चरबी घालतात. बेकरीच्या काचेसमोर उभं असताना हा फरक उपयोगी पडतो.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि मंडईतून भाज्या आणाव्यात. मंडया फार सुंदर असतात.

स्पॅनिश येत नाही. अडतं का?

फारसं नाही, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त येतं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिने कोकण-गोव्याच्या वाटेने मराठीत बरंच सामान आणून ठेवलंय. बटाटा तिथे पाताता, पाव म्हणजे पान. सर्वांत मजेदार आपला पगार. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. जेवण झाल्यावर ‘क्येरो पागार’ म्हणा, बिल येईल. आपल्याकडे पगार येतो, तिथे जातो.

दुसरी वाट अरबांची. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात, तिच्या मुळाशी अरबी-फारसीतून गेलेली आपली शर्करा आहे. संत्र्याच्या ‘नारान्हा’मागे नारंग आणि बुद्धिबळाच्या ‘आहेद्रेस’मागे चतुरंग. खिम्याच्या गोळ्यांना ‘आल्बोन्दिगास’ म्हणतात. तो अरबी शब्द मूळ हेझलनटचा, गोळीचा, आणि त्याच घराण्यातली आपली बंदूक.

तापास म्हणजे स्टार्टरच ना?

नाही. स्टार्टर जेवणाआधी येतात. तापास हेच जेवण असतं आणि ते एका जागी बसून संपवायचं नसतं. ‘तापा’ म्हणजे झाकण. एका ठिकाणी उभ्याने एक बशी, एक पेय, मग पुढचं दुकान. प्रत्येक जागेची एखादी खासियत असते, तेवढीच खावी. मोठी बशी हवी असेल तर ‘रासिओन’, अर्धी हवी तर ‘मेदिया रासिओन’.

ग्रानादात पेय मागवलं की तापा फुकट येतो. दारू घेत नसाल तर ‘मोस्तो’ मागा, तो द्राक्षाचा रस. फुकटचा तापा बहुधा आचाऱ्याच्या मनाप्रमाणे येतो, त्यामुळे पाठ केलेलं वाक्य आधीच म्हणून टाका. उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये याच प्रकाराला पिन्चो म्हणतात. पावाच्या तुकड्यावर रचलेले, काडी टोचलेले. मासे खाणाऱ्यांनी तिथे अवश्य जावं. शाकाहाऱ्यांनी चीजकेक खाऊन समुद्राकडे बघत बसावं.

पाएया कुठे खावी?

उच्चार ‘पाएया’, ‘पाएला’ नाही. ती वॅलेन्सियात खावी आणि दुपारी खावी. रात्री दहाला बार्सिलोनात पाएया मागवणारी टेबलं पर्यटकांची.

पाएया हे खरं तर त्या पसरट, उथळ कढईचं नाव. वॅलेन्सियाची मूळ पाएया शेतावरची. आल्बुफेरा तलावाच्या काठी भातखाचरं आहेत, तिथल्या माणसांनी हाताशी होतं ते घातलं. कोंबडी, ससा, चपट्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, केशर, कधी गोगलगाई. कोळंबी-शिंपल्यांची पाएया किनाऱ्यावर असते, तीही अस्सल, पण वेगळी. चोरिसो मात्र कशातच नाही. २०१६ मध्ये एका नामांकित ब्रिटिश शेफने चोरिसो घातलेली पाएया जाहीर केली, तेव्हा स्पेनमध्ये जे रान उठलं ते साबुदाण्याच्या खिचडीत कुणी लसूण घातल्यासारखं होतं.

तांदूळ जाडा, आखूड, आणि पाणी घातल्यावर ढवळायचा नाही. थर बोटभर जाडीचाही नसावा. खालचा थर कढईला लागून खमंग होतो, त्याला ‘सोकार्रात’ म्हणतात. ही आपली खरवड. लहानपणी भाताच्या पातेल्याच्या बुडाशी आम्ही भावंडं चमचे घेऊन भांडायचो. वॅलेन्सियात त्याच खरवडीवरून आचाऱ्याची परीक्षा होते.

ताजी पाएया बहुधा निदान दोघांसाठीच करतात आणि मागवल्यापासून अर्धा तास तरी लागतो. दहा मिनिटांत आली तर ती आधीच झालेली होती. भाज्यांचीही मिळते, ‘पाएया दे बेर्दुरास’, पण तांदूळ कशाच्या पाण्यात शिजवला ते विचारा. मासळीच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवून वर भाज्या रचणारेही असतात.

वॅलेन्सियात ओर्चाता प्या. नागरमोथ्याच्या जातकुळीतल्या एका गवताच्या गोड गाठी भिजवून, वाटून, गाळून हे पांढरं गार पेय करतात. दूध अजिबात नाही. पीयूषाच्या अपेक्षेने प्याल तर निराश व्हाल, थंडाईच्या अपेक्षेने प्याल तर खूश.

माद्रिदमध्ये तीन मोठी म्युझियम्स आहेत. चित्रांतलं काही कळत नाही. कोणतं बघू?

प्रादो आणि रेइना सोफिया. तिसरं थिसेन तुम्हाला चित्रं आवडू लागली तर. तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात फुकट असतं. रांग लागते, पण पुढे सरकते. रेइना सोफिया मंगळवारी बंद.

कळण्याची काळजी सोडा. प्रादोत दोन तासांत सगळं बघायला गेलात तर पाय दुखल्याचीच आठवण राहील. तीनच गोष्टी ठरवा.

पहिली, वेलास्केसचं ‘लास मेनिनास’, १६५६. खोलीत छोटी राजकन्या, तिच्या दासी, एक मोठा कुत्रा, आणि डावीकडे स्वतः चित्रकार एका प्रचंड कॅनव्हाससमोर. तो कुणाचं चित्र काढतोय? मागच्या आरशात राजा-राणी दिसतात, म्हणजे ते तुमच्याच जागी उभे आहेत. समोर दहा मिनिटं थांबलात की चित्रातले लोक आपल्याकडे बघायला लागतात. वेलास्केसच्या छातीवरचा लाल क्रूस नंतरचा आहे. सान्तियागो पंथाचा तो मान त्याला १६५९ मध्ये मिळाला.

दुसरी, गोयाची काळी चित्रं. चौदा आहेत. म्हातारा, ठार बहिरा झालेला गोया माद्रिदबाहेरच्या घरात राहत होता आणि त्याने ही थेट भिंतींवर रंगवली, कुणाला दाखवण्यासाठी नाही. नंतर ती भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवली. त्या घराला ‘बहिऱ्याचं घर’ म्हणत, पण ते नाव गोयावरून नव्हे, आधीच्या मालकावरून पडलेलं. त्यांतलं कुत्र्याचं चित्र बघाच. चित्रभर नुसता पिवळट अवकाश आणि खाली कडेला कुत्र्याचं फक्त डोकं, वर बघणारं.

तिसरी प्रादोत नाही, रेइना सोफियात आहे, पिकासोचं ‘गेर्निका’. २६ एप्रिल १९३७, सोमवार, गेर्निका या बास्क गावचा बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. पिकासो पॅरिसला होता. त्याने साधारण महिनाभरात साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र केलं, फक्त काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत. लोकशाही परत आल्याशिवाय ते स्पेनला जाऊ नये, अशी त्याची अट होती. ते वर्षानुवर्षं न्यूयॉर्कला राहिलं आणि १९८१ मध्ये स्पेनला आलं. पिकासो त्याआधी आठ वर्षं गेला होता, फ्रँको सहा.

बाबांना चित्रांत रस नाही. ते या चित्रासमोर बराच वेळ हाताची घडी घालून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘त्या डावीकडच्या बाईच्या हातातलं पोर गेलेलं आहे ना?’ एवढंच.

तोलेदो की सेगोव्हिया?

गल्लीबोळ आणि एल ग्रेकोची चित्रं हवी असतील तर तोलेदो, गाडीने अर्धा तास. रोमन पाण्याचा कालवा बघायचा तर सेगोव्हिया, तोही अर्धा तास, पण स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बस. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, आणि कमानी २८ मीटरपर्यंत चढतात. मी सेगोव्हियाच्या बाजूने मत देईन, कारण दुपारनंतर तोलेदोत पाय ठेवायला जागा नसते.

कोर्दोबाला मशिदीत चर्च आहे म्हणजे नेमकं काय?

नेमकं तेच. इथल्या मुसलमान राजाने, पहिल्या अब्द अर-रहमानने, आठव्या शतकाच्या अखेरीस मशीद सुरू केली, पुढच्या दोनशे वर्षांत ती तीनदा वाढवली गेली. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर घेतल्यावर तिचं चर्च झालं, आणि सोळाव्या शतकात मधोमध खांब पाडून चक्क एक उंच कॅथेड्रल उभारलं. लोक अजून तिला ‘मेस्कीता’ म्हणतात, म्हणजे मस्जिद, आणि आत रोज प्रार्थना होते ती ख्रिस्ती.

आत पाऊल टाकलं की आठशेहून जास्त खांबांचं रान. बरेच खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगोथ इमारतींतून आणलेले, आखूड. छत उंच हवं होतं, मग कारागिरांनी कमानीवर कमान चढवली. लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज जगातल्या सुंदर दृश्यांत गणली जाते.

आता एक रात्र का थांबायचं ते. रविवार सोडून रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो आणि सहलींचे गट अजून आलेले नसतात. त्या तासात तिथे स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. अकरा वाजता झेंडा धरलेल्या गाइडमागून आत शिरलात तर तुम्ही दुसरीच इमारत बघून याल. संध्याकाळी रोमन पुलावर फिरा. खालची नदी ग्वादाल्किविर, म्हणजे अरबीत ‘वादी अल-कबीर’, मोठी नदी.

मधलं कॅथेड्रल खटकतं का, असंही विचारतात. मला पहिल्यांदा खटकलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वाटलं, ते बांधलं नसतं तर कदाचित बाकीचे खांबही उरले नसते.

अल्हम्ब्राचं तिकीट आयत्या वेळी मिळेल का?

अल्हम्ब्रा म्हणजे ग्रानादाच्या नासरी घराण्याचा, तिथल्या शेवटच्या मुसलमान राजांचा, टेकडीवरचा किल्ला-राजवाडा. तिकीट मिळेल या भरवशावर ग्रानादाला जाऊ नका. प्रवासाच्या तारखा पक्क्या झाल्या की विमानानंतर हेच तिकीट काढा. त्यावर नाव असतं, पासपोर्ट बरोबर लागतो. नासरी राजवाड्यांत शिरायची अर्ध्या तासाची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. मुख्य दारापासून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चाल आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आई-बाबांना घेऊन मी शेवटचा तुकडा जवळजवळ पळतच गेले.

आत मान वर ठेवा. दोन बहिणींच्या दालनाचं छत मधाच्या पोळ्यासारखं हजारो कोनाड्यांनी भरलंय. भिंतींवर ‘अल्लाहखेरीज कुणी विजयी नाही’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा कोरलंय, आणि ते कोरून घेणाऱ्या घराण्याने २ जानेवारी १४९२ ला किल्ल्या ख्रिस्ती राजा-राणी फेर्नांदो आणि इसाबेलच्या हाती दिल्या. त्याच वर्षी याच अल्हम्ब्रात ज्यूंना हाकलण्याचं फर्मान निघालं आणि त्याच वर्षी कोलंबस निघाला. सिंहांच्या चौकातलं पाणी ऐका. दारो नदीचं पाणी वरून कालव्याने डोंगरावर आणलं होतं. सगळ्या राजवाड्यात आवाज तेवढाच.

सेव्हियात वयस्कर माणसांना काय झेपेल?

जवळजवळ सगळं. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा शंभर मीटरहून उंच आहे, पण वर जायला जिने नाहीत, उतार आहेत, पस्तीस. मूळचा हा मशिदीचा मिनार, आणि बांग देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावं म्हणून असं बांधलं, असं सांगतात. बाबा वरपर्यंत गेले, आई बाराव्या उतारावर बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मराठीत बोलली. आल्कासारचा राजवाडा सपाट आहे, ख्रिस्ती राजाने मुसलमानी कारागिरीत बांधून घेतलेला. रस्त्यातल्या झाडांची संत्री तोडून खाऊ नका, कडू जहर असतात.

गाऊदीचं एवढं काय आहे? तिकीट महाग आहे.

आहे. तरी बार्सिलोनाच्या या वास्तुविशारदाचं सागरादा फामिलिया हे चर्च आतून बघाच.

काम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी तिशीतल्या गाऊदीच्या हाती आलं. १९२६ मध्ये त्याला ट्रामने उडवलं. कपडे इतके साधे होते की लोकांना तो भिकारी वाटला. तीन दिवसांनी तो गेला आणि याच चर्चच्या तळघरात त्याला पुरलं. मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर ठरवली, शहरातल्याच मोन्जुइक टेकडीपेक्षा किंचित कमी. माणसाने बांधलेलं देवाने बांधलेल्यापेक्षा उंच नको, हे त्यामागचं कारण.

आत खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फोडतात. इथेही प्रश्न घड्याळाचाच. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी नऊला आत गेलात तर पाण्याखाली असल्यासारखं वाटतं, सूर्य कलताना गेलात तर निखाऱ्यात. मला संध्याकाळ जास्त आवडली. मनोऱ्यावर जायचं जादा तिकीट नाही काढलं तरी काही बिघडत नाही.

पार्क ग्वेलमध्ये गेलात की नागमोडी बाकाला हात लावून बघा. फुटक्या टाइल्सचे तुकडे जोडून केलेल्या या कामाला ‘त्रेन्कादिस’ म्हणतात. आमच्या दादरच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पावसाचं पाणी मुरू नये म्हणून घातलेलं चायना मोझॅक आहे, ते हेच. लहानपणी त्यावर पापड वाळत घालायचो, कला म्हणून कधी बघितलं नव्हतं. ग्वेल या उद्योगपतीला तिथे साठ घरांची वसाहत हवी होती. विकली गेली नाही. दोनच घरं झाली आणि बाकीची बाग झाली.

फ्लामेंको बघावा का? पर्यटकांसाठीच असतो ना?

पर्यटकांसाठी असतो आणि तरी चांगला असू शकतो. जेवणासकटचं पॅकेज घेऊ नका. लहान जागा शोधा, जिथे माइक नाही. गाणं आधी, नाच नंतर. बारा मात्रांचं आवर्तन असलेले प्रकार ऐकताना टाळी कुठे पडते ते मोजून बघा. सोलेआमध्ये जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो, त्यामुळे आपल्या एकतालाच्या सवयीने हात चुकतो.

फ्लामेंको घडवण्यात आंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, रोमा (जिप्सी) लोकांचा मोठा वाटा, आणि त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेले. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. पोराला स्पॅनिशमध्ये सर्रास ‘चावाल’ म्हणतात, तो शब्दही त्यांच्याकडून आलेला, आणि त्याचं मूळ तेच जे आपल्या छाव्याचं.

बैलांची झुंज?

मी गेले नाही. जाणार नाही.

चोऱ्या फार होतात म्हणे?

मारामारी नाही, खिसेकापू. बार्सिलोनाची मेट्रो आणि लास राम्ब्लास रस्ता यांसाठी प्रसिद्ध. फोन टेबलावर ठेवू नका, बॅग खुर्चीला लटकवू नका, पासपोर्टची प्रत बाहेर आणि मूळ आत. कुणी ‘तुमच्या शर्टावर काहीतरी सांडलंय’ म्हणत पुसायला आलं तर आभार मानून चालू पडा. लोकलमध्ये वाढलेल्यांनी फक्त चर्चगेटला उतरताना असता तितकंच सावध राहायचं.

टिप आणि पाणी?

टिप सक्तीची नाही, वरची चिल्लर ठेवली तरी पुरे. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, आणि २०२२ च्या कायद्याने हॉटेलांना ते फुकट द्यावंच लागतं. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात चढते.

येताना काय आणावं?

केशर, ला मान्चाचं, बंद डबीतलं. सेव्हियात त्रियाना भागातली एखादी हाताने रंगवलेली टाइल. आणि पिमेन्तोन दे ला बेरा, म्हणजे ओकच्या धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड, छोट्या पत्र्याच्या डब्यात मिळते. मिरची अमेरिकेतून स्पेनला आली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, त्यामुळे ही नात्यातलीच. तिखट हवी असेल तर डब्यावर ‘पिकान्ते’ बघा, ‘दुल्से’ गोडसर असते. आईने घरी आल्यावर ती पिठल्यावर कडकडीत तेलात घालून ओतली. बाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘गॅस संपलाय का? चुलीवर केलंयस?’